फांद्यांचे पॉलिमर आणि प्रवाह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉलिमर वाहतो कसा, याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. क्रम साधारण सोप्याकडून अवघडाकडे आहे, पण हवा तो प्रश्न उचलून वाचला तरी चालेल. एक किल्ली मात्र आधीच हातात देतो. फांद्यांच्या रेणूकडे बघताना त्याची मोकळी टोकं मोजा. मग दोन्ही बाजूंनी सांध्यांत अडकलेला, स्वतःचं मोकळं टोक नसलेला तुकडा त्यात आहे का, ते शोधा. पुढची बरीच कुलपं याच किल्लीने उघडतात.

१. फांद्यांचा पॉलिमर म्हणजे नेमकं काय? साखळीला फांदी फुटते कशी?

छोटे रेणू एकापुढे एक जोडले जाऊन पॉलिमरची लांबच लांब साखळी होते. सरळ साखळीला टोकं दोनच. मधल्या एखाद्या दुव्यातून तिसरा धागा फुटला की तिथे सांधा झाला आणि टोकं तीन झाली. (सरळ साखळी काठीसारखी ताठ असते असं समजू नका. द्रावणात किंवा वितळल्यावर तीही वेटोळी घालूनच असते, फक्त तिला फाटे नसतात.) एकाच सांध्यातून अनेक भुजा निघाल्या तर तारा, एका कण्यावर ओळीने फांद्या असतील तर कंगवा, दोन सांध्यांमध्ये एक कणा आणि दोन्हीकडे दोन-दोन भुजा असतील तर इंग्रजी 'एच' अक्षराचा आकार. फांदीलाच फांद्या फुटत गेल्या तर झाड.

फांद्या कधी मुद्दाम लावतात, कधी आपसूक येतात. आपसूक आलेल्यांचं ठळक उदाहरण म्हणजे एलडीपीई (कमी घनतेचं पॉलिएथिलीन). १९३३ मध्ये इंग्लंडात आयसीआय कंपनीतल्या रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट यांना प्रचंड दाबाखालच्या एथिलीनपासून मेणासारखा पांढरा पदार्थ मिळाला, तिथून याची सुरुवात झाली. या प्रक्रियेत वाढत्या साखळीचं क्रियाशील टोक कधी मागे वळून स्वतःच्याच अंगावरचा हायड्रोजन उचलतं. मग वाढ त्या नव्या जागेवरून सुरू होते आणि जुनं टोक चार कार्बनची आखूड फांदी होऊन मागे राहतं. कधी ते टोक शेजारच्या, वाढ थांबलेल्या साखळीचा हायड्रोजन हिसकावतं आणि त्या साखळीवर लांब फांदी वाढायला लागते. १९५३ मध्ये कार्ल त्सिग्लर यांच्या उत्प्रेरकाने कमी दाबाखाली जवळजवळ बिनफांद्यांचं पॉलिएथिलीन दिलं. त्याला आपण एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिएथिलीन) म्हणतो.

२. 'आखूड' फांदी आणि 'लांब' फांदी यांची सीमा कुठे?

प्रवाहाच्या दृष्टीने सीमा गुंत्यावर ठरते. वितळलेल्या पॉलिमरमध्ये साखळ्या एकमेकींतून आरपार जाऊ शकत नाहीत, त्यामुळे त्यांचा गुंता होतो. दोन गुंत्यांमधल्या तुकड्याचा सरासरी रेणुभार हा त्या-त्या पॉलिमरचा गुणधर्म आहे. पॉलिएथिलीनसाठी तो ढोबळमानाने १,००० आहे, पॉलिस्टायरीनसाठी १५,००० च्या आसपास. फांदी स्वतः दोन-तीनदा गुंतण्याइतकी मोठी असेल तर ती लांब. पॉलिएथिलीनमध्ये हे साधारण दीडशे ते दोनशे कार्बन झाले.

दोन ते सहा कार्बनच्या आखूड फांद्या स्फटिक नीट बसू देत नाहीत, म्हणून घनता आणि वितळणबिंदू उतरतात. वाहण्याच्या तऱ्हेवर त्यांचा परिणाम किरकोळ असतो. एलएलडीपीईमध्ये (सरळ साखळीचं, कमी घनतेचं पॉलिएथिलीन) आखूड फांद्या भरपूर असतात, तरी वितळल्यावर ते सरळ साखळ्यांसारखंच वागतं. 'अमुक पॉलिमरला इतक्या फांद्या आहेत' एवढ्यावर त्याच्या प्रवाहाबद्दल काहीच सांगता येत नाही, ते यामुळे.

३. रेणुभार तेवढाच असताना फांद्यांच्या रेणूचं विरळ द्रावण पातळ का लागतं?

रेणू आकाराने आटोपशीर असतो म्हणून. तेवढेच दुवे एका सांध्याभोवती गोळा झाले की त्यांना कमी जागा पुरते. ब्रूनो झिम आणि वॉल्टर स्टॉकमायर यांनी १९४९ मध्ये याचं गणित मांडलं. सारख्या लांबीच्या भुजांच्या ताऱ्यात भुजांची संख्या 'भ' असेल, तर त्याच्या त्रिज्येचा वर्ग तेवढ्याच रेणुभाराच्या सरळ साखळीच्या तुलनेत (३भ − २) ÷ भ² इतका राहतो. तीन भुजांना ०.७८, चारांना ०.६३, सहांना ०.४४. हे गणित आदर्श साखळ्यांचं आहे. प्रत्यक्षात भुजा वाढल्या की सांध्याजवळ दाटी होते आणि रेणू थोडा फुगतो.

विरळ द्रावणात प्रत्येक रेणू आपल्या गुंडाळीत अडकलेला द्रावक सोबत वागवत फिरतो, आणि श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) वाढते ती या गुंडाळीच्या आकारमानामुळे. गुंडाळी लहान म्हणजे विरोध कमी. जेलमधून रेणू आकारानुसार वेगळे करणारं जीपीसी हे तंत्र याच कारणाने फसतं. सरळ साखळ्यांवर प्रमाणित केलेल्या यंत्राला फांद्यांचा जड रेणू हलका वाटतो. (यावरचा उपाय प्र. ९ मध्ये.)

हा नियम विरळ द्रावणाचा आहे. तोच वितळलेल्या पॉलिमरला लावणं ही माझ्या पाहण्यातली सर्वांत जास्त वेळा होणारी चूक. प्र. ५ वाचल्याशिवाय तसं करू नका.

४. प्रवाहात एकटा रेणू नेमकं करतो काय?

प्रवाह कुठला, यावर ते अवलंबून आहे. शिअरमध्ये द्रवाचे थर एकमेकांवरून घसरतात. असा प्रवाह अर्धा ओढतो आणि अर्धा फिरवतो. त्यामुळे सरळ साखळी ताणली जाते, कोलांटी खाते, आक्रसते आणि पुन्हा ताणली जाते. पूर्ण ताणलेली ती फार वेळ राहतच नाही. ओढीच्या प्रवाहात, म्हणजे द्रव एका दिशेने लांबत जातो तेव्हा, फिरवणारा भाग नसतो. प्रवाहाचा ताणदर (तो किती वेगाने लांबतो) आणि रेणूचा शिथिल होण्याचा काळ (ताणल्यावर पुन्हा गुंडाळी व्हायला लागणारा वेळ) यांचा गुणाकार साधारण अर्ध्याच्या वर गेला की गुंडाळी एकदम उलगडते. पियर-जिल द झेन यांनी हे १९७४ मध्ये सैद्धांतिक पातळीवर दाखवलं. १९९७ मध्ये स्टीव्हन चू यांच्या गटाने चमकणारे रंग लावलेले डीएनए रेणू सूक्ष्मदर्शकाखाली असे उलगडताना पाहिले. त्यात एक गंमत निघाली. एकाच प्रवाहातले हुबेहूब सारखे रेणू वेगवेगळ्या तऱ्हेने उलगडत होते. कुणी घडी घालून, कुणी डंबेलसारखा, तर कुणी एका टोकाकडून.

ताऱ्याचं वेगळं असतं. भुजा आखूड, म्हणून शिथिल होण्याचा काळही कमी, आणि त्याला उलगडायला प्रवाह जास्त जोरकस लागतो. बऱ्याच भुजांचा तारा शिअरमध्ये कोलांट्या खायच्या ऐवजी एका दिशेला लांबट होऊन स्थिर राहतो आणि त्याच्या भुजा रणगाड्याच्या पट्ट्यासारख्या भोवती फिरत राहतात. हे संगणकीय प्रतिरूपांत दिसलं आहे.

५. फांद्यांमुळे वितळलेल्या पॉलिमरची श्यानता वाढते की कमी होते? दोन्ही वाचलं आहे.

दोन्ही खरं आहे. आधी सरळ साखळी बघू. आजूबाजूच्या साखळ्यांच्या गुंत्यामुळे ती जणू एका अरुंद नळीत कोंडलेली असते. तिला बाजूला सरकता येत नाही. मोकळं टोक पुढे काढून सापासारखं लांबीच्या दिशेने सरपटत बाहेर पडायचं, एवढाच मार्ग उरतो. द झेन यांनी १९७१ मध्ये ही कल्पना मांडली, आणि १९७८ मध्ये मासाओ दोई आणि सॅम एडवर्ड्स यांनी तिच्यावर प्रवाहाचा पूर्ण सिद्धांत उभा केला. प्रयोगांत श्यानता रेणुभाराच्या ३.४ व्या घाताने वाढते, म्हणजे रेणुभार दुप्पट झाला की श्यानता साधारण साडेदहा पट.

आता त्या सापाला तिसरं टोक जोडा. सरपटणं बंद! एका भुजेच्या नळीतून पुढे जायचं तर उरलेल्या दोन भुजा त्याच नळीत ओढून घ्याव्या लागतील, आणि ते जवळजवळ अशक्य आहे. मग एकच वाट राहते. भुजेने आपलं मोकळं टोक स्वतःच्याच नळीतून सांध्यापर्यंत मागे खेचायचं आणि पुन्हा नव्या वाटेने बाहेर काढायचं. टोक जितकं आत खेचावं तितक्या भुजेच्या शक्य मांडण्या कमी होतात, म्हणजे एन्ट्रॉपीचा चढ उभा होत जातो, म्हणून हा काळ भुजेच्या लांबीबरोबर घातांकी वेगाने वाढतो. दहा गुंत्यांएवढी भुजा वीस गुंत्यांएवढी केली की श्यानता शंभर पटींहून जास्त वाढते.

आखूड भुजांसाठी हा चढ नगण्य असतो आणि रेणूचा आटोपशीरपणा (प्र. ३) जिंकतो. तेव्हा श्यानता तेवढ्याच रेणुभाराच्या सरळ साखळीपेक्षा कमी. भुजा पुरेशा गुंतू लागल्या की घातांक सगळ्यांना मागे टाकतो आणि श्यानता सरळ साखळीच्या कितीतरी वर जाते. मधे कुठेतरी दोन्ही वक्र एकमेकांना छेदतात. आलेखाच्या डाव्या बाजूचे नमुने तपासणारा आणि उजव्या बाजूचे तपासणारा हमखास भांडतात. दोघांची मोजमापं बरोबर असतात.

हे सगळं अतिशय मंद प्रवाहातल्या श्यानतेबद्दल आहे. वेग वाढला की फांद्यांचे पॉलिमर लवकर आणि जास्त पातळ होतात, त्यामुळे यंत्रातल्या वेगाला चित्र उलटंही दिसू शकतं (प्र. ८).

६. ताऱ्याच्या भुजांची संख्या वाढवत नेली तर?

भुजेची लांबी तीच ठेवली तर फारसं काही होत नाही! पॉलिआयसोप्रीनच्या ताऱ्यांवरच्या मोजमापांत चारपासून सुमारे तीस भुजांपर्यंत श्यानता जवळपास तीच राहिली. एकूण रेणुभार कितीतरी पट वाढला, तरीही. कारण प्रत्येक भुजा आपलं टोक आपणच मागे खेचते. शेजारच्या भुजा किती आहेत याच्याशी तिला देणंघेणं नसतं. भुजा साठ-सत्तर किंवा शंभरावर गेल्या की मात्र गाभ्याजवळ इतकी दाटी होते की रेणू मऊ गोळ्यासारखा वागायला लागतो. भुजा शिथिल झाल्यावरही अख्खे गोळे एकमेकांना ओलांडून जायला आणखी वेळ घेतात.

७. एलडीपीई ओढताना घट्ट होतं आणि घसरताना पातळ होतं. एकच पदार्थ दोन्ही कसं करतो?

या प्रश्नाने बऱ्याच लोकांची झोप उडवली होती. साध्या द्रवात ओढीची श्यानता शिअरच्या श्यानतेच्या बरोबर तिप्पट असते. फ्रेडरिक ट्राउटन यांनी हे १९०६ मध्ये दाखवलं. वितळलेलं एलडीपीई ओढायला लागलं की सुरुवातीला हा नियम पाळतं आणि मग एकाएकी त्याची श्यानता वर उसळते. एचडीपीई आणि एलएलडीपीई सहसा असं करत नाहीत.

उत्तर सुरुवातीला दिलेल्या किल्लीत आहे. टॉम मॅक्लीश आणि रॉनल्ड लार्सन यांनी १९९८ मध्ये पॉम-पॉम नावाचं प्रतिरूप मांडलं. एक कणा, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा, आणि प्रत्येक सांध्यावर काही मोकळ्या भुजा. या कण्याला स्वतःचं मोकळं टोक नाही. प्रवाह त्याला ताणतो तेव्हा तो आक्रसू बघतो, पण दोन्हीकडच्या भुजा आपापल्या नळ्यांत रुतून त्याला धरून ठेवतात, रस्सीखेचीत दोन संघ दोरीला धरतात तसं. म्हणून कणा ताणला जातो आणि ओढायला जोर जास्त लागतो. ताणाला मर्यादाही आहे. एका बाजूला भुजा जितक्या, साधारण तितक्याच पट कणा ताणला जाऊ शकतो. त्यापुढे सांधा हार मानतो आणि भुजा कण्याच्या नळीत ओढल्या जातात.

शिअरमध्ये तोच कणा वळून प्रवाहाच्या दिशेला येतो आणि थरांमधली त्याची पकड सुटते. वळणं हे ताणण्यावर मात करतं, म्हणून पदार्थ पातळ होतो.

यातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. साध्या ताऱ्यात लांब फांद्या असूनही असा कणा नसतो, कारण प्रत्येक भुजेला मोकळं टोक आहे. त्यामुळे तारा मंद प्रवाहात अफाट श्यान असला तरी ओढताना एलडीपीईसारखा उसळत नाही. सांधे किमान दोन हवेत. एलडीपीईच्या झाडासारख्या रेणूत तर कण्यांच्या आत कणे असतात. आतल्या तुकड्याला मोकळं व्हायला बाहेरचे सगळे आधी मोकळे व्हावे लागतात.

फुगवून फिल्म काढताना किंवा फेस करताना या उसळीचा उपयोग होतो. एखादी जागा पातळ व्हायला लागली की ती जास्त वेगाने ताणली जाते, म्हणून तिथेच घट्ट होते आणि पुढे फाटत नाही. एलएलडीपीईमध्ये थोडं एलडीपीई मिसळतात ते यासाठी. सरळ पॉलिप्रॉपिलीनवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून लांब फांद्या उगवतात, तेही यासाठीच.

८. दोन ग्रेडचा एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स) सारखा आहे, मग यंत्रावर त्या वेगळ्या का वागतात?

एमएफआय हे एकच मोजमाप आहे. पॉलिएथिलीनसाठी १९० अंश सेल्सिअसला, २.१६ किलोच्या वजनाखाली, ठरावीक छिद्रातून १० मिनिटांत किती ग्रॅम माल बाहेर आला, एवढंच ते सांगतं. वक्रावरचा तो एक बिंदू. दोन वेगळे वक्र त्या बिंदूत छेदले की एमएफआय सारखा येतो, पण डावीकडे आणि उजवीकडे ते दूर गेलेले असतात. एक्स्ट्रूडरमधला (वितळलेला माल दाबून बाहेर काढणाऱ्या यंत्रातला) शिअर या चाचणीपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि तिथे लांब फांद्यांची ग्रेड जास्त पातळ होऊन कमी दाबात निघते. ओढीबद्दल तर एमएफआय चकार शब्द काढत नाही (प्र. ७).

९. माझ्या नमुन्यात लांब फांद्या आहेत हे ओळखू कसं?

नेहमीचे मार्ग तीन, आणि तिघांनाही खोट आहे. कार्बन-१३ एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात कार्बन अणूंचे संकेत वाचणारं तंत्र) सांधे थेट मोजतं, पण पॉलिएथिलीनमध्ये सहा कार्बनच्या पुढच्या सगळ्या फांद्या त्याला सारख्याच दिसतात. सहाची आणि सहाशेची यांत फरक नाही. जीपीसीला प्रकाश विखुरण मोजणारा आणि श्यानता मोजणारा असे दोन शोधक जोडले तर खरा रेणुभार आणि आकार दोन्ही मिळतात आणि आटोपशीरपणा पकडता येतो. पण फांद्या अगदी विरळ असतील तर तो फरक गोंगाटात बुडतो.

तिसरा मार्ग म्हणजे प्रवाहच, आणि तो सर्वांत संवेदनशील आहे. दर १०,००० कार्बनमागे एक लांब फांदी असली तरी मंद प्रवाहातली श्यानता ३.४ व्या घाताच्या रेषेपासून (प्र. ५) ढळलेली दिसते. १,००,००० रेणुभाराच्या पॉलिएथिलीनमध्ये कार्बन सुमारे ७,१००. म्हणजे सरासरीने प्रत्येक रेणूच्या वाट्याला एक फांदीही येत नाही, तरी यंत्राला ती जाणवते. अडचण अशी की रेणुभारांचा पसारा मोठा असला की त्याचंही चित्र बरंचसं असंच दिसतं. म्हणून माझा आग्रह असतो की दोन मार्ग सोबत वापरा. एकट्या रिओमीटरच्या (प्रवाह मोजणाऱ्या यंत्राच्या) जोरावर 'फांद्या आहेत' असं लिहून मोकळं होऊ नका.

१०. तापमान बदललं तर फांद्यांचा पॉलिमर वेगळा वागतो का?

पॉलिएथिलीनमध्ये ठळकपणे. एचडीपीईची प्रवाहाची सक्रियण ऊर्जा (वाहण्यासाठी रेणूंना ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) प्रति मोल सुमारे २७ किलोज्यूल, एलडीपीईची ५० च्या आसपास किंवा वर. १९० वरून १७० अंशांवर आलात तर पहिल्याची श्यानता सुमारे ३७ टक्के वाढेल, ५० किलोज्यूल धरले तर दुसऱ्याची ८० टक्के. पॉलिस्टायरीन किंवा पॉलिआयसोप्रीनच्या ताऱ्यांत हा फरक जवळजवळ दिसत नाही, तेव्हा हा नियम सरसकट लावू नका.

११. डेंड्रिमर तर फांद्यांचा कळस. मग त्यांची श्यानता आकाशाला भिडायला हवी ना?

उलट होतं. डेंड्रिमरमध्ये प्रत्येक फांदीला ठरावीक अंतरावर फाटे फुटतात, आणि दोन फाट्यांमधला तुकडा गुंतण्याइतका लांब नसतोच. गुंता नाही म्हणजे नळी नाही, आणि प्र. ५ मधली घातांकी वाढही नाही. वितळलेले डेंड्रिमर शिअरचा वेग बदलला तरी बरेचसे साध्या द्रवासारखे वाहतात.

द्रावणात आणखी मौज. सरळ पॉलिमरची अंगभूत श्यानता (विरळ द्रावणात दर ग्रॅम पॉलिमरमागे वाढणारी श्यानता) रेणुभाराबरोबर वाढतच जाते. डेंड्रिमरची ती काही पिढ्यांपर्यंत (फाट्यांचा प्रत्येक नवा थर म्हणजे एक पिढी) वाढते, शिखर गाठते आणि उतरायला लागते. त्रिज्या पिढीमागे साधारण सारखीच वाढते, वस्तुमान मात्र दुपटीने, त्यामुळे रेणू आतून भरत जातो. स्टार्चमधलं अमायलोपेक्टिन आणि प्राण्यांच्या यकृतातलं ग्लायकोजेन हे निसर्गातले झाडासारखे रेणू. ग्लायकोजेनमध्ये फाटे जास्त दाट असतात आणि तो अधिक गोळीबंद असतो.

१२. नळातला प्रवाह सुरळीत करायला फांद्यांचे पॉलिमर चालतात का? ते कमी तुटतात म्हणे.

खळाळत्या प्रवाहात पॉलिमरचा अगदी चिमूटभर अंश घातला तर घर्षण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. बी. ए. टॉम्स यांनी हे १९४८ मध्ये जाहीर केलं, आणि १९७९ पासून अलास्काच्या तेलवाहिनीत त्याचा वापर आहे. इथे रेणूने लांबलचक उलगडणं महत्त्वाचं असतं, म्हणून तेवढ्याच रेणुभाराला सरळ साखळी सरस ठरते.

पण उलगडलेली सरळ साखळी जोरदार ओढीत नेमकी मध्यावर तुटते, कारण ताण तिथेच सर्वाधिक असतो. एका तुटण्यात रेणुभार अर्धा. ताऱ्याची भुजा तुटली तर ती सांध्याजवळ तुटते आणि जाते ती एकच भुजा. सहा भुजांच्या ताऱ्याचा पाच षष्ठांश भाग शाबूत राहतो. इंजिन ऑइलची श्यानता गरम झाल्यावर टिकवण्यासाठी ताऱ्यासारखे पॉलिमर घालतात, त्यामागे हेही एक कारण आहे. थोडक्यात, पहिल्या फटक्याला सरळ साखळी पुढे आणि टिकण्यात फांद्यांची.

१३. एलडीपीई एकदा एक्स्ट्रूडरमधून काढलं आणि श्यानता उतरली. साखळ्या तुटल्या असणार?

लगेच तसं समजू नका. हा खास फांद्यांच्या पॉलिमरचा चकवा आहे. जोरदार शिअरनंतर एलडीपीईची श्यानता आणि लवचिकपणा उतरतात, पण जीपीसीवर रेणुभार जसाच्या तसा असतो. तोच माल द्रावकात विरघळवून पुन्हा वेगळा काढा, किंवा पुरेसा वेळ वितळलेल्या अवस्थेत शांत ठेवा. जुनी श्यानता परत येते. शिअरने फांद्या गुंत्यांतून ओढून काढल्या आणि प्रवाहाच्या दिशेने विंचरल्या, असं याचं प्रचलित स्पष्टीकरण. पुन्हा गुंतायला त्यांना प्र. ५ मधलाच संथ मार्ग धरावा लागतो, म्हणून आठवण इतकी टिकते. विरघळवूनही श्यानता परत आली नाही, तर मात्र साखळ्या खरंच तुटल्या आहेत.

१४. टोकंच नसलेला, वलयासारखा पॉलिमर असेल तर?

तो फांद्यांच्या कुळातला नाही, पण टोकं मोजायला सांगितल्यावर हा प्रश्न येतोच. वलयाला सरपटायला टोक नाही आणि मागे खेचायलाही नाही. तो अडकून बसेल असं वाटतं, पण घडतं उलटं. वलय दुहेरी घड्या घालून शेजाऱ्यांच्या फटींत पसरतं. त्या घड्या तात्पुरत्या फांद्यांसारख्या सरकत राहतात, आणि वलयांचा ताण सरळ साखळ्यांच्या मानाने लवकर विरतो. यात एक मेख आहे. थोड्याशा सरळ साखळ्या मिसळल्या गेल्या तरी त्या वलयांतून ओवल्या जातात आणि श्यानता झपाट्याने चढते. शुद्ध वलयं मिळवणं फार कठीण असल्यामुळे जुनी मोजमापं एकमेकांशी जुळत नव्हती. आजही वलयांचा आकडा वाचताना ती किती शुद्ध होती, ते मी आधी बघतो.